दोन गाड्यांच्या जागेत ट्रान्झिशनचा सराव: कोणी करतं का?

उशिरा_पोहणारी
गेल्या रविवारी पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन पुरी केली. ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. पोहताना बुडाले नाही, सायकलवरून पडले नाही, धावताना चालले नाही (फार). खूश होते. मग निकाल पाहिला.

ट्रान्झिशन, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाताना सामान बदलायला लागणारा वेळ. पोहण्यातून सायकलवर जायला ६ मिनिटं ४२ सेकंद. सायकलवरून धावायला ३ मिनिटं ५५ सेकंद. म्हणजे साडेदहा मिनिटांहून जास्त वेळ मी एका टॉवेलभोवती घुटमळत होते. आधी तर सायकलच सापडेना. सकाळी 'त्या लाल सायकलच्या शेजारी' असं लक्षात ठेवलं होतं, आणि ती लाल सायकल माझ्या आधीच निघून गेली होती! मग अंग पुसलं, पायाच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. ओल्या पायात मोजे चढेनात. हेल्मेटचा पट्टा पिळलेला. हातमोजे घातले, काढले, परत घातले. का, ते मलाही माहीत नाही.

पुढची शर्यत अकरा आठवड्यांवर आहे. तलाव घरापासून लांब आहे, तिथे सायकल नेऊन पोहल्या पोहल्या सराव करणं मला जमणार नाही. हाताशी आहेत इमारतीखालच्या पार्किंगमधल्या दोन गाड्यांच्या रिकाम्या जागा आणि मागे थोडं गवत. एवढ्यात काही सराव होतो का? कोणी घरी केला आहे का? हसलात तरी चालेल, पण नंतर उत्तर द्या.

मंदगती
अभिनंदन! पहिली शर्यत पुरी केलीत हेच मोठं.

पण ताई, खरं सांगू? मी सहा वर्षं या नादात आहे आणि ट्रान्झिशनमध्ये मी बसतो. खुर्ची नसते म्हणून जमिनीवर. पाणी पितो, शेजारच्याची विचारपूस करतो, मग निघतो. आपल्याला कुठे पदक मिळणार आहे? त्या साडेदहा मिनिटांपायी पार्किंगमध्ये ओल्या कपड्यांत धावून शेजाऱ्यांना करमणूक कशाला पुरवायची?

गणिताची_वही
मंदगती, बसा हो, तुमचा हक्कच आहे. पण धागाकर्तीला आकडे कळलेले बरे.

दोन्ही मिळून १० मिनिटं ३७ सेकंद. साध्या सरावाने, कसलीही कसरत न करता, हे चारवर येऊ शकतं. म्हणजे साडेसहा मिनिटांची कमाई. हीच कमाई ५ किमी धावण्यात करायची तर प्रत्येक किलोमीटर १ मिनिट १८ सेकंदांनी लवकर पळावा लागेल. ज्यांनी किलोमीटरमागे दहा सेकंद कमी करायला अख्खा मोसम घाम गाळला आहे, त्यांना विचारा हे कितपत जमतं.

वरच्या फळीत तर हिशोब सेकंदांचाच असतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शर्यतीत निकोला स्पिरिग आणि लिसा नॉर्डेन दोघींची वेळ १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद. सुवर्ण कोणाचं ते फोटो पाहून ठरवावं लागलं, आणि ते स्पिरिगला गेलं. त्याच ऑलिंपिकमध्ये जोनाथन ब्राउनली माउंट लाइनच्या (जी ओलांडल्यावरच सायकलवर चढायचं त्या रेषेच्या) अलीकडेच सायकलवर चढला म्हणून त्याला धावताना १५ सेकंद थांबून दंड भोगावा लागला. कांस्य मिळालं. रौप्य २० सेकंद पुढे होतं, त्यामुळे दंडाने पदकाचा रंग बदलला असं निव्वळ वजाबाकीने म्हणता येत नाही. पण मागून येणाऱ्यांकडे डोळे लावून तिथे उभं राहणं कसं वाटलं असेल!

जुनी_चेन
अशा धाग्याची वाट पाहत होतो. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज. ट्रान्झिशन लांबतं ते हात हळू चालतात म्हणून नाही. लांबतं कारण माणूस तिथे उभा राहून विचार करतो. आता काय? चष्मा आधी की हेल्मेट? बिब (नंबराचा कागद) कुठे गेला? ६ मिनिटं ४२ सेकंदांत तुमचे हात फार तर दोन मिनिटं काम करत असतील. बाकीचा वेळ डोकं रिकामं. तेव्हा घरचा सराव घाई शिकण्यासाठी करायचा नाही. डोक्याला तिथे काही काम उरू नये, यासाठी करायचा. आणि त्याला दोन गाड्यांची जागा रगड झाली.

पहिला आठवडा: काहीच पळायचं नाही. एक लहान टॉवेल, भडक रंगाचा, जमिनीवर पसरा. शर्यतीत सायकलशेजारी जेवढी जागा मिळते तेवढाच. त्यावर पुढे सायकलचे बूट, मागे धावण्याचे बूट. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेरच्या बाजूला सोडलेले, आत चष्मा. बिब रेस बेल्टला लावून ठेवायचा, पिना विसरा. बेल्ट कमरेला अडकवला की सायकलवर नंबर मागे, धावायला निघताना सर्रकन पुढे. आता या मांडणीकडे बघा आणि एक एक वस्तू उचलून स्वतःला विचारा, ही नसेल तर काय बिघडेल? हातमोजे गेले. दुसरा टॉवेल गेला. कंगवा आणणारे लोकही मी पाहिलेत. स्प्रिंटला हेल्मेट, चष्मा, बूट, बेल्ट, बस.

मग क्रम ठरवा आणि तो मोठ्याने म्हणा. माझा असा: टोपी-गॉगल खाली, चष्मा, हेल्मेट, खट्, बेल्ट, बूट, सायकल. 'खट्' म्हणजे हेल्मेटची कडी. हा शब्द मंत्रासारखा पाठ करा, कारण नियम साधा आणि कडक आहे: कडी लागल्याशिवाय सायकल रॅकवरून हलवायची नाही. परत आल्यावर उलट, सायकल रॅकवर टेकेपर्यंत कडी उघडायची नाही. माझ्या पाहण्यात लोक परतीलाच चुकतात. थकलेले असतात, धावत रॅककडे येता येताच हात हनुवटीखाली जातो.

रोज पाच वेळा, सावकाश, चालत. आठवडाभराने तुमची जीभ थांबेल आणि हातच क्रम म्हणायला लागतील. त्यानंतरच घड्याळ लावा.

दुसरी गोष्ट सायकल ढकलत धावण्याची. ही कोणी शिकवत नाही. ट्रान्झिशनच्या आत सायकलवर बसायला मनाई, त्यामुळे सायकल घेऊन पळावंच लागतं. नवखे दोन्ही हातांनी हँडल धरतात आणि पेडल नडगीवर घेतात. सायकलच्या डाव्या बाजूला राहा म्हणजे चेन पलीकडे राहते, उजव्या हाताने फक्त सीट धरा. सीट डावीकडे-उजवीकडे कलती केली की सायकल वळते. पहिल्या दिवशी खांबावर आदळेल. चौथ्या दिवशी पार्किंगच्या खांबांमधून नागमोडी जाईल. जमेपर्यंत दुसरा हात हँडलजवळ तयार ठेवा.

तिसरी, जागा शोधणं. पार्किंगमध्ये हे कसं करणार म्हणाल, तर सवय लावता येते. सायकल लावली की पाण्याकडून येण्याच्या वाटेवर जाऊन उभं राहायचं आणि न हलणाऱ्या वस्तू मोजायच्या. खांब, झाड, कठडा, रॅकची ओळ. 'तिसरी ओळ, झाडाच्या समोर.' लाल सायकल ही खूण नव्हे, तिला चाकं असतात!

उशिरा_पोहणारी
जुनी_चेन, काका म्हणू का? (वय माहीत नाही, पण 'चहा घेऊन बसा'वरून अंदाज केला.) खूप खूप आभार. प्रतिसाद छापून कपाटावर लावला आहे.

तीन शंका:
रॅक कशाचा करू?
वेटसूटचं (थंड पाण्यात घालायच्या घट्ट रबरी पोशाखाचं) काय? पुढच्या शर्यतीचं पाणी थंड असतं म्हणतात.
ओल्या पायांचं काय? घरी कोरड्या पायांनी सराव करून उपयोग काय?

जुनी_चेन
काकाच म्हणा, केस गेलेत. रॅक: दोन भक्कम खुर्च्या, त्यांच्या पाठींवर आडवा बांबू किंवा पाइप, दोन्ही टोकं दोरीने घट्ट. सायकल सीटच्या टोकाने लटकते. उंची कमी पडली तर खुर्च्यांखाली विटा घालू नका, मी घातल्या होत्या. बांबूच उंच बांधा. रॅकवर चढवण्याआधी सायकल हलक्या गियरवर आणून ठेवा, हेही रोजच करायचं, कारण शर्यतीच्या सकाळी हेच विसरतं आणि मग निघताना पहिलं पेडल दगडासारखं लागतं.

बाकी दोन शंकांना इथे माझ्यापेक्षा ओली माणसं आहेत.

ओले_मोजे
हाक ऐकली, आले.

बादली हे घरच्या ट्रान्झिशनचं सगळ्यात मोठं साधन आहे. अंगावर दोन तांबे पाणी घ्या, पाय बादलीत बुडवा आणि मग टॉवेलकडे या. तेवढ्याने सराव एकदम खरा वाटायला लागतो. कोरड्या पायाने मी बूट चार सेकंदांत घालायचे. ओल्याने अकरा. आतल्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरवल्यावर सहा. धावण्याच्या बुटांना लवचिक नाड्या लावा, ओढून अडकवायच्या असतात, गाठ नाही. मात्र आयत्या वेळी लावू नका, दोन-तीनदा पळून ताण ठरवावा लागतो. मी पहिल्यांदा इतक्या घट्ट लावल्या की पायाला मुंग्या आल्या.

मोज्यांबद्दल माझं मत माझ्या नावात आहे. स्प्रिंटला मोजे नकोत. पण 'मोजे नकोत' हे शर्यतीत ठरवायचं नाही, घरी ठरवायचं. बिनमोज्याचं ३ किमी पळा, कुठे घासतं ते बघा, तिथे बुटाच्या आतून व्हॅसलिन लावा, परत पळा. तरी सोलवटलं तर मोजे घाला. मग ते अर्धे गुंडाळून, बोटांपर्यंत दुमडून ठेवायचे, म्हणजे पाय आत सरकवून फक्त वर ओढायचे उरतात.

वेटसूट. आधी शर्यतीची माहिती वाचा, कारण पाणी गरम असेल तर तो चालतच नाही. जागतिक संघटनेच्या नियमांत वयोगटातल्या स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या अंतराला पाणी २२ अंश किंवा जास्त असलं की वेटसूटला मनाई आहे, आणि वेगवेगळ्या आयोजकांच्या मर्यादा वेगळ्या असू शकतात. चालणार असेल तर घरी शॉवरखाली घालून पूर्ण भिजा, गळ्यातून आत पाणी जाऊ द्या. आतमध्ये पाणी असताना तो सुटतो, पाणी निथळून गेलं की कातडीला चिकटतो. म्हणून काठावर आल्या आल्या चालता चालता पाठीची दोरी ओढून चेन उघडायची, हात मोकळे करून कमरेपर्यंत खाली. उरलेला सायकलपाशी. मांड्यांखाली सरकवून एका पायाने दुसऱ्या पायाचं टोक जमिनीवर दाबून धरायचं आणि पाय उपसून काढायचा. बसायचं नाही! बसलं की उठायला वेळ लागतो. घोट्यांना आणि मनगटांना आधी वंगण लावलेलं असेल तर सोपं जातं. नखांनी धरून ओढू नका, तो फाटतो. बोटांच्या पेरांनी धरा.

बाथरूममध्ये करत असाल तर खाली चटई टाका. ओल्या फरशीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय उपसणं म्हणजे काय, हे मी दाराच्या मुठीला लटकून शिकले आहे.

अजून एक: गार पाण्याने बोटं बधिर होतात आणि हेल्मेटची कडी लागत नाही. हातांना बर्फाच्या पाण्यात एक-दोन मिनिटं धरा आणि मग कडी लावा. बधिर हातांनी कडी बघून लागत नाही, ऐकून लागते. काकांचं ते 'खट्' उगाच नाही.

मंदगती
तुम्ही सगळे वेडे आहात. वाचनखूण साठवली आहे.

नाडी_वर
ओले_मोजे यांच्या प्रतिसादाला +१. एक भर.

शांत बसलेल्या माणसाने केलेला सराव शर्यतीत अर्धाच कामाला येतो. पाण्यातून निघता तेव्हा नाडी वर असते आणि आडव्याचं एकदम उभं व्हावं लागतं. गुरुत्वाकर्षणाने रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब क्षणभर घसरतो, म्हणून गरगरतं. अशा डोक्याने हेल्मेट उलटं घालणारे लोक मी पाहिलेत. शर्यतीत यावर उपाय म्हणजे शेवटच्या ५०-१०० मीटरला पाय जरा जोरात मारणं, म्हणजे पाय जागे होतात, आणि उठल्यावर पहिली काही पावलं चालत जाणं. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं.

घरी? जमिनीवर पालथं पडा, छातीखाली उशी घ्या, दोन मिनिटं हात पोहल्यासारखे जोरात मारा, लगेच उठा आणि टॉवेलकडे जा. बघणाऱ्याला काय वाटेल ते वाटो. किंवा दोन मिनिटं दोरीवरच्या उड्या. दम लागलेला असताना क्रम आठवतो का, एवढंच पाहायचं आहे.

टी-टूसाठी, म्हणजे सायकलवरून धावण्याकडे जाण्यासाठी, मात्र घरच पुरेसं आहे. ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) असेल तर त्यावर, नसेल तर बाहेर एक चक्कर मारून, २०-२५ मिनिटं सायकल. उतरा, रॅक, खट्, बूट, आणि इमारतीभोवती आठ मिनिटं धावा. यालाच ब्रिक म्हणतात. पहिली तीन-चार मिनिटं पाय दुसऱ्याचेच वाटतात. त्याहून फसवं म्हणजे वेगाचा अंदाज जातो. मला वाटतं मी रांगतोय, आणि घड्याळात दिसतं की रोजच्यापेक्षा किलोमीटरमागे २० सेकंद जलद पळतोय. मग तिसऱ्या किलोमीटरला त्याची परतफेड होते. छोट्या छोट्या ब्रिक वरचेवर करा. एक लांब ब्रिक करून दोन दिवस लंगडण्यापेक्षा आठ-आठ मिनिटांच्या चार बऱ्या.

फुटका_गुडघा
नाव बघूनच कळलं असेल, मी उडी मारून सायकलवर बसण्याबद्दल लिहायला आलो आहे.

बूट आधीच पेडलला लावलेले, टाचेकडच्या कडीतून पातळ रबरबँड ओवून फ्रेमला अडकवलेला, म्हणजे बूट जमिनीला समांतर राहतात. अनवाणी पळत यायचं, माउंट लाइन ओलांडायची, उडी मारून सीटवर, पाय बुटांच्या वर, पेडल मारलं की रबरबँड आपोआप तुटतात, वेग आला की पाय आत. दिसायला काय सुंदर! मी तीन व्हिडिओ बघितले आणि थेट डांबरी रस्त्यावर करून पाहिलं. उडी चांगली झाली. सीट तिथे नव्हती.

सांगायचं इतकंच की शिकायचं तर गवतावर शिका, आणि चौथ्या पायरीपासून सुरुवात करू नका. आधी चालत्या सायकलशेजारी चालत एक पाय पेडलवर. मग उडी न मारता मांडी सीटवर सरकवणं. उडी म्हणतात, पण ती वर नसतेच, पुढे असते. वर उडी मारणारा सीटवर आपटतो, आणि कुठे आपटतो ते लिहीत नाही.

जुनी_चेन
फुटका_गुडघा यांच्याशी सहमत, आणि पुढे जाऊन म्हणतो की धागाकर्तीने या अकरा आठवड्यांत हे शिकूच नये. त्यातून तिचे फार तर पाच-दहा सेकंद वाचतील. टॉवेलवरची मिनिटं आधी गोळा करा. दुसऱ्या मोसमात बघू.

एक अपवाद आहे. उतरणं शिका. उडी नको, पण डिसमाउंट लाइनच्या आधी वेग कमी करत, उजवा पाय मागून डावीकडे आणून डाव्या पेडलवर उभं राहत यायचं आणि रेषेच्या अलीकडे पाय टेकून पळायला लागायचं. पार्किंगमध्ये खडूने एक रेष आखा. रेषेच्या अलीकडे पाय पूर्ण टेकला पाहिजे. चढतानाही तसंच, रेषेच्या पलीकडे एक पाऊल जमिनीला टेकल्यावरच सायकलवर बसायचं. दोन्ही वेळा रेष पायाला कळली पाहिजे. तिथे पंच उभे असतात, आणि तुमच्या मागून-पुढून गोंधळलेले चाळीस लोक.

आणि सायकलवर बसलात की हेल्मेट हवंच, पार्किंगमध्ये दहा फूट जायचं असलं तरी. गाड्या ये-जा करतात त्या वेळी सराव नको. जमिनीवर काच-खिळे आहेत का ते आधी झाडूने बघा, अनवाणी पळणार आहात.

पिशवीवाला
एक बाजू राहिली. लांब पल्ल्याच्या बऱ्याच शर्यतींत सायकलशेजारी काहीच ठेवू देत नाहीत. सामान दोन पिशव्यांत, एक टी-वनची (पोहणं ते सायकल), एक टी-टूची, खुंटीवर टांगलेली. पिशवी घ्या, तंबूत जा, बदला, काढलेलं परत पिशवीत कोंबा. तिथे मंदगतींसारखं बसायलाही मिळतं.

त्याचाही सराव घरीच. दाराच्या खुंटीला पिशवी टांगायची, पलंगावर रिकामी करायची. मी आधी गाठ मारायचो आणि ओल्या हातांनी ती सुटायची नाही. आता गाठ मारतच नाही, तोंड नुसतं पिळतो. ३.८ किमी पोहून आलेल्या माणसाला गाठ सोडवायला लावणं ही शिक्षा आहे. पिशवीत भरायचा क्रमही उलटा, जे आधी लागणार ते सगळ्यात वर. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी हेल्मेट तळाशी जातं, कारण ते मोठं असतं आणि आपण मोठं आधी भरतो.

मंदगती
पिशवीवाले, आपण भेटलोच पाहिजे.

उशिरा_पोहणारी
चार आठवड्यांनी हजेरी लावतेय.

रॅक झाला. काकांचं ऐकून विटा घातल्या नाहीत. रोज सकाळी सहाला, गाड्या हलायच्या आधी, पाच फेऱ्या. शनिवारी बादलीसकट. पहिल्या आठवड्यात चालत ३ मिनिटं १० सेकंद लागायचे, आता दम लागलेल्या अवस्थेत, ओल्या पायांनी, १ मिनिट २५ सेकंद. वरच्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी रोज खाली येते आणि घड्याळ लावते. तिला माझी दया येत नाही. कडी लागल्याचा आवाज आला नाही तर 'मावशी, परत!' म्हणून ओरडते. त्यामुळे माझी एक वाईट खोड सापडली. मी घरीच करतेय म्हणून कडी नुसती अडकवल्यासारखी करत होते. तिने एकदा विचारलं, 'तिथे पण असंच करणार का?'

मोज्यांचा निकाल लागला. डाव्या टाचेला घासतं, उजव्याला नाही. एकाच पायात मोजा घालायला नियमांची हरकत आहे का?

आणि एक नवीन अडचण. मांडणी पाठ झाली आहे, पण ती पाठ आहे ती पार्किंगच्या भिंतीकडे तोंड करून. परवा सायकल उलट्या बाजूने टांगली, तर सगळं उलटं झालं. बेल्ट शोधायला खाली वाकले तर तिथे बूट.

नाडी_वर
नियमाची हरकत नाही, पायाला विचारा.

उलट्या बाजूचं छान पकडलंत. हे शर्यतीत नक्की होतं, कारण सायकल कोणत्या दिशेने टांगायची हे बऱ्याचदा आयोजक ठरवतात, आणि येण्याची वाट एका टोकाला, जाण्याची दुसऱ्या. आता रोज जागा बदला. एक दिवस गवतावर, एक दिवस दुसऱ्या खांबाशी, एक दिवस शेजारी एखादी अडचण ठेवून, म्हणजे दुसऱ्याची सायकल तुमच्या टॉवेलवर पडल्यासारखी. घरच्या सरावाचा हाच धोका, जागा इतकी ओळखीची होते की आपण जागा पाठ करतो, क्रम नाही.

गणिताची_वही
एका मोज्याचे साधारण किती सेकंद जातात ते मोजून सांगाल का? शास्त्रासाठी विचारतोय.

उशिरा_पोहणारी
सात सेकंद. दोन मोज्यांचे सोळा. दुसऱ्या मोज्याला जास्त लागतात, तोल जातो म्हणून.

उशिरा_पोहणारी
शर्यत झाली!

टी-वन २ मिनिटं ५१ सेकंद. पाण्यापासून रॅकपर्यंतच बरंच पळायचं होतं, त्यामुळे १:२५ ची आशा नव्हतीच. सायकल सापडली, दुसरी ओळ, दिव्याच्या खांबासमोर. शेजारच्या बाई अंग पुसत होत्या, बोटांच्या बेचक्या पुसत होत्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पाणी गरम निघालं, त्यामुळे वेटसूटला परवानगी मिळाली नाही आणि शॉवरखालची माझी चार शनिवारची कुस्ती वाया गेली. असो.

टी-टू १ मिनिट ३८ सेकंद. यात मी रेषेच्या अलीकडे उतरले, पळाले, सायकल टांगली, बूट घातले, डावा मोजा ओढला, बेल्ट फिरवला आणि धावायला लागले. दोनशे मीटरवर एक स्वयंसेवक म्हणाला, हेल्मेट छान आहे.

हो. डोक्यावरच होतं. कडी लावलेली.

परत फिरले, सायकलपाशी ठेवलं, पुन्हा निघाले. तो वेळ टी-टूमध्ये धरलेला नाही, धावण्यात गेला. गणिताची_वही, त्याचा हिशोब तुम्ही करू नका.

ओले_मोजे
अगं, हे होतं! घरी प्रत्येक वेळी कडी उघडून हेल्मेट काढल्यावर तू ते कुठे ठेवत होतीस?

उशिरा_पोहणारी
ठेवत नव्हते. ती मुलगी घ्यायची हातात.

जुनी_चेन
हा हा! मग मदतनीस कमी करा, किंवा शर्यतीलाच घेऊन या तिला. नाही, बाहेरची मदत नियमात बसत नाही. टॉवेलच्या एका कोपऱ्यात हेल्मेटची जागा ठरवा आणि टी-टूच्या मंत्रात शब्द घाला: रॅक, खट्, खाली, बूट. 'खाली' राहिला होता, माझीच चूक, मी लिहिला नव्हता.

मंदगती
ताई, तुमचा टी-टू माझ्या पाणी पिण्याच्या वेळेपेक्षा कमी आहे. ती खुर्च्या-बांबूवाली उंची नक्की किती ठेवलीत? सहज विचारतोय.

उशिरा_पोहणारी
सीटच्या खालच्या कडेपेक्षा दोन बोटं वर, म्हणजे मागचं चाक जेमतेम उचललं जातं. तुमची सायकल माझ्याहून मोठी असेल, आधी टांगून बघा आणि मग दोरी बांधा.